न पोचलेले मीठ

घोड्याला पाय नसतात. पाय माझेच.
कमरेला बांबूचा सांगाडा, पुढे लाकडी मान,
झुलीला जुन्या शालूचा काठ,
आणि हातात काकाची तलवार.
म्यान कधीच हरवले,
वर्षभर ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली असते.
यंदा काकाचे गुडघे नाही म्हणाले
आणि मोरपिसांचा तुरा माझ्या डोक्यावर चढला.

एरवी मी कदंबांचाच माणूस,
म्हणजे कदंब बसचा. वाळपई ते पणजी.
रुमाजी माजिक ज्या वाटेने मिठाला गेला
त्या वाटेवर मी दिवसातून दोनदा तिकिटे फाडतो.

आमच्या कुमयाळात ही गोष्ट मांडावर सांगतात,
ताशे शेकायला जाळ केलेला असतो तेव्हा.
आठ महिने वाटा बंद होत्या.
कोणी बंद केल्या, यावर अजून भांडणे होतात.
भात होते, नाचणी होती, फणस गुरे खात होती,
मीठ नव्हते.
लहान पोरे भिंती चाटू लागली.
विडा मांडायचे कोणाला सुचले नाही.
रुमाजीने आपणच पान लावले, खाल्ले,
पिंक टाकली, आणि मोगरीवर बसला.

जाताना काय झाले ते गोष्टीत नाही.
येताना बाणस्तारीच्या खाडीला भरती,
मोगरीच्या पाठीवर दोन गोणी मीठ,
आणि उतारावर आडवा उभा
लोखंडी पाव्हणा.
नाव कुणाला ठाऊक नाही. गावात हेच म्हणतात.
चैत्राची दुपार, आणि टाळूपासून टाचेपर्यंत लोखंड!
त्याने तलवार कपाळाला लावली.
रुमाजीनेही लावली.
दोघांत भाषा काय ती एवढीच.
तीन वार झाले. चौथ्याला
पाव्हण्याचा घोडा शेवाळावर घसरला
आणि लोखंड जाते तसा तो गेला,
सरळ खाली.

दोर एकच होता.
गोणी त्यालाच बांधलेल्या.

(इथे सांगणारा थांबतो, विडी पेटवतो.
दरवर्षी इथेच.)

वर ओढला, शिरस्त्राण उपसले,
तर आत पोरगा. मिसरूडही फुटले नव्हते.
खाडीभर ओकला, आणि मग
वाटेतून बाजूला सरला.

काका म्हणतो, सगळे थोतांड.
फोंड्यात विकले असेल मीठ, आणि ढोसली असेल.
असेलही.
पण मग घोंगडे कसे?
मोगरीच्या पाठीवरचे घोंगडे
उन्हात वाळून पांढरे, पापडासारखे कडक झाले होते.
गाव मान खाली घालून उभे,
रुमाजी मान खाली घालून उभा,
आणि त्याची बायको सुभली पुढे आली.
नखाने खरवडले, जिभेला लावले,
आणि कोयता घेऊन आली.
एकवीस तुकडे. एकवीस चुली.
त्या रात्री पेजेला घोड्याचा वास होता.
कुणी ब्र काढला नाही.

खाल्ल्या मिठाला जागणारी गावे पुष्कळ.
आमचे आपले
न पोचलेल्या मिठाला जागते.
म्हणून शिमेवरून घोडे परत वळले
की बायका आधी जिभेवर चिमूट ठेवतात,
मग ओवाळतात.
आता मीठ पुड्यातले, आयोडीनवाले.
माझ्या जिभेवर ठेवले तेव्हा ढोल इतके जवळ होते
की चव कळलीच नाही.
पोटऱ्या मात्र तीन दिवस दुखत होत्या.

गेल्या सोमवारी बाणस्तारीला एकजण चढला,
पाठीवर जेवणाच्या पार्सलांची लाल पेटी,
डोक्यावर हेल्मेट तसेच.
स्कूटर पुलावर बंद पडलेली,
मोबाइल मेलेला, खिशात दमडी नाही.
फोंड्याला कुणाचे तरी जेवण थंड होत होते.
मी तिकीट फाडले, पैसे माझेच बॅगेत टाकले.
काहीतरी बोलला तो आतून,
काचेवर वाफ आली तेवढी दिसली.

हेल्मेट काढलेच नाही त्याने.
फोंड्याला उतरला.